भाताचा रंग आणि नत्राचा हिशेब

महाराष्ट्रात सुधारित भातजातींना हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद आणि ५० किलो पालाश द्यावे, ही शिफारस कृषी सहायकांपासून खताच्या दुकानदारांपर्यंत सगळ्यांना तोंडपाठ आहे. नत्राचे हप्तेही ठरलेले. कोकणात ४० टक्के लावणीच्या वेळी, ४० टक्के फुटवे फुटताना आणि उरलेले २० टक्के लोंबी धरताना. ही शिफारस चुकीची आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. वर्षानुवर्षांच्या प्रयोगांतून ती आली आहे. अडचण एवढीच, की ती सरासरी आहे. उतारावरच्या, प्रत्येक मोठ्या सरीला धुऊन निघणाऱ्या खाचराला १०० किलो आणि गावाखालच्या, गोठ्याचे पाणी झिरपत येणाऱ्या खाचरालाही १०० किलो. ज्या वर्षी आषाढात पाऊस खळ देत नाही त्या वर्षी तेवढेच, आणि ज्या वर्षी लावणीच श्रावणापर्यंत लांबते त्या वर्षीही तेवढेच.

जमीन स्वतःच्या साठ्यातून पिकाला किती नत्र देते, हे खाचरागणिक आणि वर्षागणिक बदलते. मातीतला सेंद्रिय भाग, आधीचे पीक, पाणी किती दिवस साचून राहिले, चिखलणी कशी झाली, या सगळ्यांचा त्यात वाटा असतो. माती परीक्षण स्फुरद-पालाशाबद्दल बरेच काही सांगते. पण पाण्याखालच्या चिखलातून हंगामभर किती नत्र सुटेल, हे उन्हाळ्यात काढलेल्या नमुन्यावरून नेमके सांगणे कठीण आहे. ते सांगू शकेल असा साक्षीदार नंतर शेतातच उभा राहतो, आणि तो म्हणजे पीक. या पुस्तिकेचा विषय त्याची साक्ष कशी घ्यायची, हा आहे. पानाच्या आणि पिकाच्या हिरवेपणाचे प्रकाशाच्या साहाय्याने मोजमाप करायचे आणि त्यावरून नत्राचा पुढचा हप्ता ठरवायचा. माझ्या मते यातली खरी नवी गोष्ट यंत्र ही नाही. नत्राचा शेवटचा निर्णय लावणीआधी न घेता पीक अर्ध्या वाटेवर येईपर्यंत राखून ठेवायचा आणि तो त्याच शेतातल्या तुलनेवरून घ्यायचा, ही आहे.

हा निर्णय राखून ठेवण्याला इतके महत्त्व का, हे कळायला युरिया फेकल्यावर खाचरात काय घडते ते पाहायला हवे. युरियात ४६ टक्के नत्र असते. साचलेल्या पाण्यात तो विरघळतो आणि युरिएज नावाच्या विकरामुळे काही दिवसांतच त्याचे अमोनियम होते. अमोनियम भाताला चांगले मानवते. पण लावणीनंतरचे पहिले दोन-तीन आठवडे खाचर जवळजवळ उघडेच असते. पाण्यावर ऊन पडते, शेवाळ वाढते, ते दिवसभर पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेते आणि दुपारपर्यंत पाण्याचा सामू चढत चढत नऊच्या आसपास जातो. अशा पाण्यात अमोनियमचा अमोनिया वायू होतो आणि वाऱ्यावर निघून जातो. रात्री सामू उतरतो, दुसऱ्या दिवशी ऊन पडले की पुन्हा चढतो. जे वाचते त्यातल्या काही भागाचे नायट्रेट होते. ते खाली झिरपते किंवा चिखलाच्या प्राणवायू नसलेल्या थरात पोचून तिथून नायट्रोजन आणि थोड्या प्रमाणात नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जाते. नायट्रस ऑक्साइडची पृथ्वी तापवण्याची ताकद शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट धरली जाते. कोकणात या सगळ्याच्या जोडीला मेर ओलांडून खालच्या खाचरात आणि तिथून वहाळात जाणारे पाणी आहे. पाणथळ भातात दिलेल्या नत्रापैकी पिकाच्या वाट्याला साधारण ३० ते ४० टक्केच येते, त्यामागे इतकी कारणे आहेत.

तोच युरिया लोंबी धरण्याच्या सुमारास दिला तर चित्र पालटते. तोवर पिकाने पाणी झाकलेले असते, शेवाळाला ऊन मिळत नाही, मुळांचे जाळे मातीच्या वरच्या थरात गच्च पसरलेले असते आणि भुकेलेले पीक आलेले नत्र काही दिवसांत उचलते. म्हणजे नुकसानीचा धोका सर्वांत जास्त तो सुरुवातीला, जेव्हा आपल्याला पिकाबद्दल काहीच ठाऊक नसते. आणि धोका सर्वांत कमी तो नंतर, जेव्हा पीक स्वतःची स्थिती दाखवू लागलेले असते. तरीही बहुतेक ठिकाणी हात सैल सुटतो तो सुरुवातीलाच. त्याला कारणेही आहेत. ४५ किलोची गोणी शेतकऱ्याला २६६ रुपयांच्या आसपास पडते. तिचा खरा खर्च कितीतरी जास्त असतो आणि तो अनुदानातून भागतो, त्यामुळे वाया गेलेली गोणी खिशाला जाणवत नाही. शिवाय युरिया पडल्यावर आठवड्यात शेत काळेभोर दिसते, आणि शेजाऱ्याचे शेत काळे झाले की आपले फिकट वाटू लागते.

जास्तीच्या नत्राची किंमत मात्र त्याच शेतातून वसूल होते. कोवळ्या, रसरशीत, दाट पिकात तपकिरी तुडतुडे माजतात, करपा आणि कडा करपा पसरतात, आणि लोंब्या भरत आल्या असताना परतीचा पाऊस आला की सगळे पीक लोळते. कापणीच्या तोंडावर लोळलेला भात पाण्यातून उचलणे काय असते, हे ज्यांनी वाकून तो कापला आहे त्यांना सांगायला नको. फवारणीचा खर्च वाढतो तेव्हा त्याचे मूळ कुणी युरियाच्या गोणीत शोधत नाही. ते शोधायला हवे.

रंगावरून भाताची भूक ओळखणे शेतकऱ्याला नवे नाही. डोळ्याची अडचण अशी, की तो उजेडाप्रमाणे, वेळेप्रमाणे आणि कालच्या आठवणीप्रमाणे बदलतो. जपानमध्ये भाताच्या पानांशी ताडून पाहण्यासाठी रंगपट्ट्या तयार झाल्या. पुढे फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने चार छटांची प्लॅस्टिकची पट्टी आशियाभर नेली आणि लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने सहा छटांची आपली पट्टी केली. तिचा वापर साधा आहे, पण शिस्तीचा आहे. सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान शेतात जायचे. सूर्याकडे पाठ करून पट्टीवर आपली सावली पाडायची. वेगवेगळ्या चुडांवरची, वरून पहिली पूर्ण उमललेली, रोग-किडीविना अशी दहा पाने निवडायची. पान तोडायचे नाही, त्याचा मधला भाग पट्टीच्या छटांवर टेकवून पाहायचा. दहांपैकी सहा किंवा अधिक पाने ठरलेल्या छटेपेक्षा फिकट असतील तर नत्राचा हप्ता द्यायचा, नसतील तर थांबायचे आणि सात-दहा दिवसांनी पुन्हा पाहायचे. पंजाबात लावणीच्या भातासाठी ही छटा चौथ्या क्रमांकाची धरतात आणि हप्ता एकरी २५ किलो युरियाचा. दर वेळी पाहणारा माणूस तोच असावा, हेही महत्त्वाचे.

पट्टीच्या पुढची पायरी स्पॅड मीटर. चिमट्यासारख्या तोंडात पान धरले की त्यातून ६५० नॅनोमीटरचा लाल आणि ९४० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश आरपार जातो. हरितद्रव्य लाल प्रकाश शोषते, अवरक्त जवळजवळ शोषत नाही, त्यामुळे दोन्हींच्या फरकावरून हरितद्रव्याचा आकडा मिळतो. आणि पानातल्या नत्राचा बहुतांश भाग हरितकणांतच असल्याने तो आकडा नत्राकडेही बोट दाखवतो. इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. फिलिपाइन्समध्ये लावणीच्या भाताला ३५ ही सीमा योग्य ठरली. त्याखाली आकडा गेला की नत्र द्यायचे. लुधियानाच्या शास्त्रज्ञांनी तीच सीमा पंजाबात लावून पाहिली तेव्हा ती कमी पडली. तिथे ३७.५ अधिक चांगली ठरली. जात वेगळी, ऊन वेगळे, उत्पादनाची पातळी वेगळी, तर सीमाही वेगळी. ज्यांना लुधियानाचा आकडा उचलून भंडाऱ्यात किंवा माणगावात वापरायचा मोह होईल, त्यांनी हे उदाहरण समोर ठेवावे.

पट्टी आणि स्पॅड मीटर एकेक पान पाहतात. पीक किती दाट आहे, फुटवे किती आले, हे त्यांना दिसत नाही. ते पाहणारे संवेदक अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्य विद्यापीठात विल्यम रॉन, जॉन सोली आणि मार्विन स्टोन यांच्या कामातून पुढे आले. ते काम मुख्यतः गव्हावरचे. त्यातून आलेले ग्रीनसीकर हे उपकरण नंतर हातात धरण्याजोग्या, हलक्या रूपात मिळू लागले. ते स्वतःचा लाल आणि अवरक्त प्रकाश पिकावर टाकते आणि परत किती आला ते मोजते. निरोगी, दाट पीक लाल प्रकाश गिळते आणि अवरक्त परतवते. अवरक्तातून लाल वजा करायचे आणि दोन्हींच्या बेरजेने भागायचे, की एनडीव्हीआय हा निर्देशांक मिळतो. १९७० च्या दशकात उपग्रहावरून गवताळ प्रदेश पाहण्यासाठी तो प्रथम वापरात आला. उघड्या मातीवर तो एक-दोन दशांश असतो, दाट पिकावर आठ-नऊ दशांशांपर्यंत चढतो. उपकरण पिकाच्या शेंड्यापासून दोन ते चार फूट उंचीवर, आडवे धरायचे, खटका दाबून ठेवायचा आणि ओळीच्या कडेने सावकाश चालायचे. सोडला की पडद्यावर त्या चालीची सरासरी येते.

समजा ०.६४ आली. या आकड्याचा एकट्याने काहीच अर्थ लागत नाही. लावणी उशिरा झाली असेल, जात मुळातच फिकट पानांची असेल, रोपे विरळ लावली गेली असतील. अर्थ लागतो तो तुलनेने. म्हणून लावणीच्या वेळीच शेतात एक पट्टा असा राखायचा, की त्याला नत्राची कमतरता मुळीच भासणार नाही. जात तीच, लावणीचा दिवस तोच, पाणी तेच, फरक फक्त नत्राचा. लोंबी धरण्याच्या सुमारास या पट्ट्यावर ०.७२ आली आणि बाकी शेतावर ०.६४, तर ०.७२ ला ०.६४ ने भागून सव्वाअकरा दशांश, म्हणजे १.१२५ मिळते. पिकाला आणखी नत्र मिळाले तर ते साधारण साडेबारा टक्के प्रतिसाद देऊ शकेल, असा याचा अर्थ. शेताची आजची वाटचाल हेक्टरी ४ टनांची असेल तर वाव अर्ध्या टनाचा आहे. एक टन भातामागे पीक साधारण १५ ते २० किलो नत्र उचलते. १६ धरले तर अर्ध्या टनाला ८ किलो लागेल. दिलेल्यातले निम्मे पिकाला मिळेल असे मानले, तर द्यायचे १६ किलो नत्र, म्हणजे हेक्टरी सुमारे ३५ किलो आणि एकरी १४ किलो युरिया. हे आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत. प्रत्यक्षात एनडीव्हीआयवरून उत्पादनाचा अंदाज बांधण्याचे सूत्र त्या त्या भागातल्या प्रयोगांतूनच काढावे लागते. पण विचार कसा चालतो ते यातून स्पष्ट व्हावे. आणि पट्टा व शेत यांचे आकडे सारखेच आले तर? तर हप्ता द्यायचाच नाही. माझ्या दृष्टीने या पद्धतीतले सर्वांत मोलाचे उत्तर हेच आहे, कारण कोणतीही छापील शिफारस ते देऊ शकत नाही.

भातासाठी या पद्धतीचे बारकाईने काम लुधियानात बिजय सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासातला एक निष्कर्ष मला फार महत्त्वाचा वाटतो. संवेदकाचा उपयोग व्हायचा तर आधीचे हप्ते बेताचे आणि वेळेवर हवेत. लावणीला हेक्टरी ३० किलोच्या आसपास नत्र, मग फुटव्यांच्या जोमाच्या काळात पुरेसे, आणि त्यानंतर लोंबी धरताना संवेदकाच्या सांगण्यावरून शेवटचा हप्ता. सुरुवातीलाच सगळे ओतले तर संवेदकाला सांगण्यासारखे काही उरत नाही, आणि फुटव्यांच्या वेळी उपाशी ठेवले तर नंतरचा हप्ता ते नुकसान भरून काढू शकत नाही. अमेरिकेत लुइझियाना आणि कॅलिफोर्नियाच्या भातपट्ट्यांतही लोंबी धरण्याचीच वेळ मोजणीसाठी कामाची ठरली आहे. ही वेळ दिवस मोजून ठरवण्यापेक्षा खोड चिरून ठरवावी. मुख्य फुटवा मुळाशी कापून ब्लेडने उभा चिरला की बुडखाजवळ एक-दोन मिलिमीटरचा पांढरा, मऊ लवदार कोंब दिसतो. तीच होऊ घातलेली लोंबी. तो दिसला की संवेदक घेऊन शेतात उतरायचे.

संवेदकाच्या मर्यादा मोकळेपणाने सांगायला हव्यात. पीक फार दाट झाले की एनडीव्हीआय वर चढायचा थांबतो. पुढचा फरक त्याला दिसत नाही. ईशान्य चीनच्या सानजियांग मैदानात भातावर काम करणाऱ्या संशोधकांना हीच अडचण आली, म्हणून त्यांनी लाल आणि अवरक्ताच्या सीमेवरचा पट्टा मोजणारे संवेदक वापरून पाहिले. दुसरे असे, की संवेदकाला हिरवेपणा दिसतो, त्याचे कारण दिसत नाही. जस्ताच्या कमतरतेने लावणीनंतर दोन-चार आठवड्यांत पानांवर गंजासारखे ठिपके येतात, गंधक कमी पडले तर कोवळी पाने आधी पिवळी होतात, खोडकिडीने पोंगे सुकतात. या प्रत्येक वेळी आकडा घसरतो आणि युरिया हे त्याचे औषध नसते. तण, अझोला, शेवाळ यांचा हिरवेपणाही पिकाच्या खात्यात जमा होतो. त्यामुळे आधी शेत डोळ्यांनी पाहायचे आणि मग खटका दाबायचा. पाने ओली असताना घेतलेली मोजणीही भरवशाची नसते.

आता आपल्याकडचा प्रश्न. दर पाच दिवसांनी दहा मीटरच्या बारकाईने शेते टिपणारे युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह फुकट माहिती देतात, पण जुलै-ऑगस्टात सह्याद्रीवर ढग असतात आणि नेमका तेव्हाच नत्राचा निर्णय घ्यायचा असतो. ढगांखाली, स्वतःच्या प्रकाशावर चालणारे हातातले उपकरण त्या दिवसांत अधिक उपयोगी आहे. तरीही कोकण आणि झाडीपट्टी यांना एकच सल्ला देता येणार नाही. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या भागात मामा तलावांचे पाणी आहे, गोसेखुर्द आणि इटियाडोहचे कालवे आहेत, उन्हाळी धान आहे. जिथे बांधीतले पाणी काही प्रमाणात हातात आहे आणि दिलेले नत्र बांधीतच राहण्याची शक्यता आहे, तिथे ही पद्धत आधी रुजावी असे मला वाटते.

कोकणाने मात्र या प्रश्नाचे स्वतःचे एक उत्तर आधीच शोधले आहे. डॉ. एन. के. सावंत यांनी मांडलेल्या चारसूत्री भातशेतीत तुसाची राख, गिरिपुष्पाचा पाला आणि नियंत्रित लावणी यांच्या जोडीला युरिया-डीएपीची गोळी आहे. पावणेतीन ग्रॅमच्या आसपासची ही गोळी चार चुडांच्या मधोमध, सात ते दहा सेंटिमीटर खोल चिखलात दाबायची. तिथे ऊन नाही, शेवाळ नाही, वाहते पाणी नाही. अमोनियम मातीत धरून राहते आणि मुळे त्याच्यापर्यंत पोचतात. तीन हजार मिलिमीटर पावसाच्या मुलखात, जिथे फेकलेला युरिया एका रात्रीत खालच्या वाडीत पोचतो, तिथे हा विचार मला संवेदकापेक्षा अधिक मूलभूत वाटतो. गोळी दाबायला मजूर लागतात आणि ऐन लावणीत ते मिळत नाहीत, ही तिची खरी अडचण. पण दोन्ही पद्धतींना एकमेकींचे वैर असण्याचे कारण नाही. गोळीचे नत्र गरव्या जातींना शेवटपर्यंत पुरले का, हे लोंबी धरताना तुलनेच्या पट्ट्याशी ताडून पाहता येते, आणि पुरले नसेल तिथेच वरून थोडे देता येते. कर्जत, शिरगाव, साकोली, सिंदेवाही या भात संशोधन केंद्रांच्या परिसरात, तिथल्याच हळव्या आणि गरव्या जातींवर असे आकडे निघाले, तर ते कुठूनही आणलेल्या सूत्रापेक्षा मोलाचे ठरतील.

उपकरण प्रत्येक घरी असण्याची गरज नाही. गावच्या उत्पादक कंपनीने किंवा अवजार बँकेने एक घेतले आणि एक-दोन तरुण मुलामुलींना ते नीट वापरायला शिकवले, तर लोंबी धरण्याच्या पंधरवड्यात बरीच शेते पाहून होतील. आणि जिथे तेही शक्य नाही तिथे रंगपट्टी आहे, जी युरियाच्या एका गोणीहून स्वस्त पडते. तुलनेचा पट्टा तिच्यासोबतही तितकाच उपयोगी आहे. दोन्हींकडची दहा-दहा पाने पट्टीवर ताडली तरी शेत भुकेले आहे का, ते कळते.

म्हणून ज्यांना यंदा सुरुवात करायची आहे त्यांनी यंत्राच्या आधी पट्ट्याची तयारी करावी. पट्टा शेताच्या सरासरी भागात असावा. मेरेला लागून नको, वरच्या खाचराचे पाणी जिथे उतरते त्या तोंडाशी नको, झाडाच्या सावलीत नको. लांबी-रुंदी चार-पाच मीटर पुरे, पण त्याभोवती चिखलाचा छोटा बांध घालावा, नाहीतर पट्ट्याचे नत्र पाण्याबरोबर बाकी शेतात जाईल आणि तुलना बिघडेल. चार कोपऱ्यांना बांबूच्या खुंट्या ठोकाव्यात आणि त्या पिकाच्या उंचीच्या वर राहतील एवढ्या लांब असाव्यात. लावणीची तारीख, जात आणि पट्ट्याला प्रत्येक वेळी किती युरिया दिला ते घरच्या वहीत त्याच दिवशी लिहून ठेवावे, आणि युरिया फेकणाऱ्याला पट्टा कुठे आहे ते शेतात नेऊन दाखवावे.